तलंगांना खायला काय घालायचं? पिल्लापासून पहिल्या अंड्यापर्यंत वारंवार विचारले जाणारे प्रश्न (ठाणे-नवी मुंबईवाल्यांसाठी)

घणसोली, तळवली, दिवाळे, कोलशेत, बाळकुम, दिवा, उलवे, गावठाणात घर असलेला प्रत्येक तिसरा माणूस हल्ली चार-सहा पिल्लं आणतोय, आणि येऊरच्या बाजूला तर बंगलेवाल्यांनी पण खुराडी बांधलीत. चांगलंच आहे. पण पिल्लं जगली, दोन महिन्यांची झाली, म्हणजे तलंगा (अजून अंडी न देणाऱ्या तरुण कोंबड्या) झाल्या, की "आता काय, आता खातील काहीपण" असं धरून सगळे निवांत होतात, आणि नेमकी तिथूनच गडबड चालू होते. म्हणून जे प्रश्न परत परत येतात ते इथे एकत्र लिहिलेत. हे घरच्या चार ते वीस पक्ष्यांपुरतंच आहे, मोठ्या फार्मचं गणित वेगळं.

स्टार्टर (पिल्लांचं खाद्य), ग्रोअर (वाढत्या तलंगांचं), लेअर (अंडी देणाऱ्यांचं)... एकच पोतं घेतलं तर चालत नाही का?

नाही चालत, आणि हे दुकानदाराने तीन पोती खपवायला काढलेलं खूळ पण नाहीये. फरक मुख्य दोन गोष्टींचा, प्रोटीन आणि कॅल्शियम. स्टार्टरमध्ये प्रोटीन साधारण २० टक्के असतं कारण पिल्लू पहिल्या दोन महिन्यांत सपाट्याने वाढतं, पिसं येतात, आणि पिसं म्हणजे जवळजवळ सगळं प्रोटीनच. ग्रोअरमध्ये ते १५-१६ वर येतं कारण आता तलंगेला सावकाश, हाडापेराने मजबूत वाढू द्यायचंय, लठ्ठ नाही करायचं. लेअरमध्ये परत १६ ते १८. पण खरी मेख कॅल्शियममध्ये आहे. स्टार्टर आणि ग्रोअर दोन्हीत ते साधारण १ टक्का असतं, लेअरमध्ये एकदम ३ ते ४ टक्के, म्हणजे तिप्पट-चौपट. अंड्याच्या एका कवचात दोनेक ग्रॅम कॅल्शियम जातं, ते रोज कुठून येणार, म्हणून. आणि जी अजून अंडंच देत नाही तिने ते एवढं कॅल्शियम कुठे घालायचं? पुढचा प्रश्न तोच आहे.

लेअर फीड लवकर चालू केलं तर अंडी लवकर येतात म्हणतात, खरंय का?

अजिबात नाही. हा सगळ्यात जास्त पसरलेला गैरसमज आणि सगळ्यात जास्त नुकसान करणारा पण. अंडं कधी येणार हे जात, वजन आणि दिवसाचा उजेड यावर ठरतं, पोत्यावर छापलेल्या शब्दावर नाही. अडीच-तीन महिन्यांच्या तलंगेला लेअर चालू केलं की जास्तीचं कॅल्शियम किडनीवाटे बाहेर टाकायला लागतं, ते किडनीला झेपत नाही, तिथे खडे धरतात, युरिक अ‍ॅसिड साचून आतल्या अवयवांवर खडूसारखा पांढरा थर बसतो, त्याला गाऊट म्हणतात. वाईट म्हणजे हे लगेच दिसत नाही. पक्षी खातो-पितो, वरवर ठीक असतो, आणि मग अंड्यावर आल्यावर, ऐन कामाच्या वेळी एकेक करून मरायला लागतो आणि आपण म्हणतो कुणाची तरी नजर लागली. नजर-बिजर काही नसतं, महिन्यांपूर्वीचं खाद्य असतं.

तेव्हा वाट बघा. मला विचाराल तर आठवडाभर उशीर झाला तरी चालेल पण महिनाभर घाई नको.

मग नेमकं कधी काय बदलायचं? वय सांगा.

पहिल्या दिवसापासून आठ आठवड्यांपर्यंत स्टार्टर. आठव्यापासून साधारण अठराव्या आठवड्यापर्यंत ग्रोअर. त्यानंतर लेअर, पण हा "त्यानंतर" कॅलेंडर बघून नाही, कोंबडी बघून ठरवायचा. फार्मवरच्या पांढऱ्या लेगहॉर्न १८-२० आठवड्यांत अंड्यावर येतात आणि पोत्यांवरची वयं बहुतेक त्यांच्या हिशोबाने छापलेली असतात. आपल्याकडे असतात गावठी, वनराजा, गिरीराज, कडकनाथ, कुठलाकुठला संकर. वनराजाला सहा महिने सहज लागतात, कडकनाथला पण तेवढेच, आणि अस्सल गावठी तर सहा-सात महिने आरामात घेते. म्हणजे गावठी तलंगेला पोत्यावर लिहिलंय म्हणून साडेचार महिन्यांतच लेअर चालू केलं तर पुढचे दोन महिने तुम्ही तिला फुकट कॅल्शियम पाजताय.

बघायचं काय? तुरा आणि गालाखालच्या लोंबत्या फिकट गुलाबी असतात त्या लालभडक व्हायला लागतात, वाढतात. पाठीवर हात ठेवला की पळायच्या ऐवजी खाली बसते, पंख थोडे पसरते. शेपटीखालची दोन हाडं आधी बोटभर अंतरावर असतात ती दोन-तीन बोटं फाकतात. टोपलीत, कोपऱ्यात, स्कूटरच्या मागे जागा शोधत फिरते, उगाच कॉक-कॉक करते. यातलं दोन-तीन गोष्टी दिसल्या की लेअर चालू करा. पहिल्या अंड्याच्या साधारण दोन आठवडे आधीपासून तिच्या लांब हाडांच्या आत कॅल्शियमचा खास साठा तयार व्हायला लागतो, त्याच वेळेला ते तिला मिळायला हवं. पहिलं अंडं दिसलं आणि तोपर्यंत बदललं नसेल तरी काही आभाळ कोसळत नाही, त्या दिवशी बदला.

एका दिवसात बदलायचं की हळूहळू?

हळूहळू. आठवडाभर घ्या, पहिले दोन दिवस पाव नवीन, मग अर्धं, मग पाऊण. एकदम बदललं की एकतर खात नाहीत नाहीतर शिट पातळ होते.

आमच्या इथे दुकानात फक्त ब्रॉयलरचंच फीड मिळतं. ते घालू का?

पहिले तीन-चार आठवडे घातलं तर बिघडत नाही, ब्रॉयलर स्टार्टरमध्ये प्रोटीन २१-२२ टक्के असतं, पिल्लांना ते चालतं. पुढे मात्र थांबा. ते खाद्य बनवलंय दीड महिन्यात दोन किलो करून कापायच्या पक्ष्यासाठी, त्यावर तुमची तलंग चरबी धरते आणि चरबीवाली कोंबडी अंड्याला कमीच पडते, कधीकधी अंडं अडकतं. दुकानदाराला आधी सांगून ठेवलं तर तो पुढच्या गाडीला ग्रोअर मागवतो, फक्त चार घरांनी मिळून पोतं घ्यायची तयारी ठेवा. पनवेल, तळोजा, कल्याण, भिवंडीच्या बाजूला फार्म आहेत त्यामुळे तिकडच्या दुकानांत लेअर-ग्रोअर सहज असतं, ठाणे स्टेशनच्या आसपास शोधत बसण्यापेक्षा एकदा तिकडे गाडी फिरवणं परवडतं.

आणि पोत्याला शिवलेली चिठ्ठी वाचा. त्यावर बनवल्याची तारीख, प्रोटीन, कधीकधी कॅल्शियम असतं. सुटं घेताय तर निदान पोतं दाखवा म्हणून सांगा. दुकानदार "सगळं सेमच असतं" म्हणाला की दुकान बदला.

सहा तलंगा आहेत. किती फीड लागेल?

अंड्याच्या हलक्या जातींचा ढोबळ हिशोब असा. पहिल्या आठवड्यात एका पिल्लाला रोजचं १० ग्रॅमच्या आसपास, महिन्याचं झालं की ३० ग्रॅम, दोन महिन्यांचं झालं की ५० ग्रॅम, चार महिन्यांची तलंग ७०-७५ ग्रॅम आणि अंड्यावर आलेली कोंबडी १०० ते ११० ग्रॅम. म्हणजे आठ आठवड्यांचं स्टार्टर सांडलवंडीसकट पक्ष्यामागे दोन किलो धरा आणि पुढच्या दहा आठवड्यांचं ग्रोअर पाच किलो. सहा जणींचं झालं १२ किलो स्टार्टर आणि ३० किलो ग्रोअर. वनराजा-गिरीराज अंगाने मोठ्या, त्या जास्त खातात. मोकळ्या चरणाऱ्या थोडं कमी खातात, पण कोपरखैरणेच्या रो हाऊसच्या मागच्या फरशीवर फिरणं म्हणजे चरणं नव्हे, तिथे मिळून मिळून झुरळं मिळतात.

हा हिशोब यासाठी की ५० किलोचं पोतं स्वस्त पडतं म्हणून पिल्लांसाठी घेऊ नका. संपायच्या आत ते जुनं होतं, त्यातली व्हिटॅमिन्स कमी होतात, आणि पावसाळा असेल तर बुरशी.

दिवसभर भांडं भरून ठेवायचं की टायमाला घालायचं?

आठ आठवड्यांपर्यंत दिवसभर समोर असू दे. पुढे गावठी आणि लेअर जातीला तेच चालतं. वनराजा, गिरीराज यांना मात्र ग्रोअरच्या काळात मोजून दोन वेळेला घालावं, नाहीतर हावऱ्यासारख्या खातात आणि बेढब होतात. मोजून घालताना भांडी जास्त ठेवा, प्रत्येकीला चार बोटं तरी जागा हवी, कारण दांडगी खाते आणि बारकी उपाशी राहते, आणि मग एकाच झुंडीत एक तुरा लाल आणि एक अजून पिल्लूच असं दिसतं. रात्री भांडं उचलून आत. का ते खाली उंदरांच्या प्रश्नात आहे.

आमची आजी फक्त कणी आणि उरलेला भात घालायची, तिच्या कोंबड्यांना काय झालं नव्हतं.

आजीच्या कोंबड्या दिवसभर उकिरड्यावर, शेताच्या बांधावर फिरायच्या. किडे, गांडुळं, वाळवी, कोवळा पाला, शिंपल्यांचे तुकडे, सगळं स्वतः शोधून खायच्या, कणी ही फक्त संध्याकाळी परत यायची लालूच होती. आणि वर्षाला पन्नास-साठ अंडी दिली तरी आजी खूश होती. तुमच्या कोंबड्या जाळीत आहेत आणि तुम्हाला रोज अंडं हवंय. हिशोब जुळत नाही.

तांदळाच्या कणीत प्रोटीन ७-८ टक्केच असतं. १६ टक्क्यांच्या ग्रोअरमध्ये पाच भागाला एक भाग कणी मिसळली की सगळं मिळून साडेचौदाच्या आसपास येतं. निम्मी कणी घातली तर बारा. बारा टक्क्यांवर तलंग मरत नाही हो, पण वाढ खुंटते, पिसं निस्तेज होतात, अंडं दोन महिने लांबतं. तेव्हा कणी, ज्वारी, बाजरी, भात, चपातीचे तुकडे हे सगळं मिळून दिवसाच्या खाण्याच्या दहावा भाग, तेही दुपारनंतर, आधी फीडने पोट भरल्यावर. सकाळी सकाळी भात टाकला की त्या फीडकडे ढुंकून बघत नाहीत.

आठ आठवड्यांच्या आतल्या पिल्लांना तर यातलं काहीच नको. फक्त तांदळावर वाढवलेल्या पिल्लांचे पंजे आतल्या बाजूला मुडपलेले बघितले असतील, ती बी-टू ची कमतरता. लवकर लक्षात आलं तर व्हिटॅमिन दिल्यावर सुधारतात, उशीर झाला की तसेच राहतात.

खाद्य घरीच बनवलं तर?

पंधरा-वीसच्या वर पक्षी असतील तर विचार करा, सहासाठी डोक्याला ताप आहे. ग्रोअरचं एक साधं प्रमाण देतो, १०० किलोचं: भरडलेला मका ५०, सोयाबीन पेंड १८, तांदळाचा बारीक कोंडा २०, गव्हाचा कोंडा ९, मिनरल मिक्स्चर अडीच किलो, मीठ ३०० ग्रॅम आणि बाकी व्हिटॅमिनचं प्रीमिक्स पाकिटावर दिलंय तेवढं. मक्यात प्रोटीन ९ टक्के, सोया पेंडीत ४५, तांदळाच्या कोंड्यात १२, गव्हाच्या कोंड्यात १५ धरलं तर बेरीज १६ च्या थोडी वर जाते, म्हणजे बरोबर. मिनरल मिक्स्चर पोल्ट्रीचंच घ्या, गाई-म्हशींचं नको. मका, कोंडा वाशी मार्केटच्या दाणाबाजारात मिळून जातो, पेंड बघून घ्या.

दोन गोष्टी कधीच करू नका. एक, कच्चं सोयाबीन भरडून घालू नका, त्यात प्रोटीन पचू न देणारा घटक असतो, पेंड करताना उष्णतेने तो मोडतो, कच्च्यात तसाच राहतो. दोन, शेंगदाणा पेंड स्वस्त आहे म्हणून भरमसाट घालू नका, तिच्यात अफ्लाटॉक्सिन म्हणजे बुरशीचं विष असायची शक्यता सगळ्यात जास्त, ते यकृत खलास करतं आणि ना वासाने कळतं ना चवीने.

सुकट, जवळा, बोंबलाची डोकी घातलेली चालतील? आमच्याकडे भरपूर असतात.

प्रोटीन म्हणून एक नंबर. पण मीठ! खारवलेली मासळी पिल्लांना विषासारखी आहे, जास्त मीठ पोटात गेलं आणि वरून पाणी कमी पडलं की पाय लुळे पडतात, पोटात पाणी होतं, मरतात. बिनमिठाची उन्हात सुकवलेली घ्या, खात्री नसेल तर दोन पाणी बदलून भिजवून धुवा, वाळवा, कुटा आणि चार-पाच पक्ष्यांत मिळून चमचाभर. रोज नको. अंडी चालू झाल्यावर मासळी जास्त घातली की अंड्याला वास मारतो, घरात कोणीतरी नाक मुरडणारच.

भाजीपाला, पाला, अझोला?

घाला, पण सहा आठवड्यांनंतर आणि बारीक चिरून, नाहीतर दोरीसारखा पाला गळ्याखालच्या पिशवीत गोळा होऊन अडकतो. शेवग्याचा पाला उत्तम. मेथी, कोथिंबिरीच्या काड्या, कोबीची वरची पानं, मुळ्याचा पाला, भोपळ्याच्या बिया, सगळं चालतं. पालक रोज नको, त्यातलं ऑक्झलेट कॅल्शियम धरून ठेवतं. अझोला, म्हणजे पाण्यावर तरंगणारी बारीक हिरवी वनस्पती, टबात सहज होतो, वाळवून बघितलं तर त्यात २०-२५ टक्के प्रोटीन आहे, पण ओल्या अझोल्यात नव्वद टक्क्यांच्या वर पाणीच असतं, त्यामुळे "अझोला घातला की फीड लागत नाही" असं सांगणाऱ्याला नमस्कार करा आणि पुढे चला.

नको ते: फरसाण, लोणचं, खारे शेंगदाणे, कच्चा राजमा किंवा वाल, हिरवट बटाट्याची सालं, चॉकलेट, अ‍ॅव्होकाडोची साल-कोय, ढीगभर कांदा, आणि बुरशी आलेली कुठलीही गोष्ट. पाव बुरसलाय म्हणून कोंबड्यांना टाकला, हे सगळ्यात वाईट.

वाळू, खडी पण खायला लागते म्हणे?

हो, दात नसतात ना. कलेजी-पेटा खाता त्यातला पेटा म्हणजे त्यांची चक्की, त्यात बारीक खडे असले तरच दाणे दळले जातात. फक्त कारखान्याचं मॅश (भरडलेलं खाद्य) किंवा क्रम्बल (दाणेदार चुरा) खात असतील तर गरज नाही, पण कणी, ज्वारी, पाला चालू केला की वाटीभर खडे ठेवा. पिल्लांना जाडसर वाळूएवढे, तलंगांना ज्वारीच्या दाण्याएवढे. खाडीची वाळू खारट असते, नीट धुवून घ्या. जे अंगणात मातीत फिरतात ते आपले आपण शोधतात.

शिंपल्या कधीपासून? आणि पानाचा चुना चालेल का?

शिंपल्या अंड्यावर आल्यावर, आधी नाही, कारण वर लिहिलंय तेच, कॅल्शियम. खडे आणि शिंपल्या या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, खडे पोटात दळायला, शिंपल्या विरघळून कवचाला. वेगळ्या वाटीत ठेवायच्या, फीडमध्ये कालवायच्या नाहीत, जिला हवं ती बरोबर खाते. आपल्याकडे याची ददातच नाही, दिवाळे, ऐरोली, चेंदणी, कुठल्याही कोळीवाड्यात ओळख असेल तर तिसऱ्या-कालवांच्या शिंपल्या फुकट मिळतात. उकळा, उन्हात कडक वाळवा, खलबत्त्यात जाडसर कुटा, पीठ नको, जाड तुकडा पोटात सावकाश विरघळतो आणि रात्रभर पुरतो, आणि कवच तर रात्रीच बनतं. घरच्या अंड्यांची टरफलं पण तव्यावर भाजून, चुरून चालतात.

पानाचा चुना नको. तो जळजळीत असतो, तोंड-घसा भाजतो. दुकानात मिळते ती चुनखडीची पावडर वेगळी, ती चालते.

पावसाळ्यात फीड खराब होतं, काय करू?

जून ते सप्टेंबर आपल्याकडची हवाच ओली, पोतं जमिनीवर भिंतीला टेकून ठेवलं की खालचा थर पंधरा दिवसांत गोळे धरतो. घट्ट झाकणाचा प्लास्टिक ड्रम घ्या, खाली दोन विटा किंवा लाकडी फळी, भिंतीपासून हातभर लांब. या चार महिन्यांत दहा-पंधरा दिवसांपुरतंच आणा. नवीन फीड जुन्यावर ओतू नका, आधी तळ झाडून घ्या. हातात घेऊन वास घ्या, कुबट वास, गोळे, निळसर-हिरवट जाळी दिसली तर सगळंच टाका, वरचं काढून खालचं वापरायचा मोह नको, विष न दिसणाऱ्या भागात पण असतं. उन्हात वाळवून पण ते जात नाही.

ओलं करून मॅश घालायची सवय असेल तर दोन तासांत संपेल एवढंच भिजवा, उरलेलं काढून भांडं धुवा.

शिटेत रक्त दिसलं. फीडमुळे का?

बहुतेक वेळा कॉक्सी, म्हणजे कॉक्सिडिओसिस. तीन ते आठ-दहा आठवड्यांच्या पिल्लांना जास्त, आणि पावसाळ्यात खालचा भुसा ओला राहिला की हमखास. पिसं फुगवून, डोळे मिटून, कोपऱ्यात बसतात. लगेच पशुवैद्यकांना दाखवा, पाण्यातून देतात ते अ‍ॅम्प्रोलियम वेळेत दिलं तर वाचतात, उशीर केला तर दोन-तीन दिवसांत झुंड साफ. ओला भुसा सगळा काढा, कोरडा घाला, पाण्याचं भांडं पिल्लांच्या पाठीच्या उंचीवर टांगा म्हणजे त्यात शिट पडत नाही. काही स्टार्टरमध्ये कॉक्सीचं औषध आधीच मिसळलेलं असतं, चिठ्ठीवर लिहिलेलं असतं, ते डॉक्टरांना सांगा. दुकानातली रंगीत पावडर "एक चिमूट टाका" म्हणून कोणी दिली तर घेऊ नका. सरकारी पशुवैद्यकीय दवाखाना जवळ नसेल तर परळला व्हेटर्नरी कॉलेज आहे, १८८६ पासूनचं, तिथे चौकशी करा.

आणि लस. कितीही चांगलं खायला घाला, मानमोडी (राणीखेत रोग) आली की दोन दिवसांत खुराडं रिकामं. पहिल्या आठवड्यात आणि पुढचे डोस कधी ते डॉक्टरांकडून लिहून घ्या.

एप्रिल-मेमध्ये खातच नाहीत, नुसती तोंडं उघडी टाकून बसतात.

गरमी. दिवा-मुंब्रा साइडला पत्र्याखाली तर भट्टीच असते. दुपारी खायला घालू नका, खाल्लेलं पचवताना अंगात आणखी उष्णता होते. पहाटे उजाडता उजाडता निम्मं आणि ऊन उतरल्यावर निम्मं. पाणी दोन-तीन ठिकाणी, सावलीत, दिवसातून दोनदा बदललेलं, एरवी फीडच्या दुप्पट पाणी लागतं, या दिवसांत त्याच्याही दुप्पट पितात. पत्र्यावर ओलं गोणपाट टाका. कलिंगडाचा पांढरा भाग खूप आवडतो, घाला. कणी-भात मात्र या दिवसांत बंदच, आधीच कमी खातायत, जे काही पोटात जाईल ते कसदार जाऊ दे.

उंदीर, कावळे, कबुतरं फीड खातात, थोडं खाल्लं तर काय बिघडलं?

बरंच बिघडतं. उंदीर खातो त्याच्या कितीतरी पट घाण करतो, आणि लेप्टो (उंदरांच्या मुतातून पसरणारा ताप) आपल्याकडे दर पावसाळ्यात असतोच, तो तुम्हाला होईल, कोंबडीचं सोडा. रानपक्ष्यांचं म्हणाल तर फेब्रुवारी २०२२ मध्ये आपल्याच जिल्ह्यात, शहापूरच्या वेहळोलीत बर्ड फ्लू निघाला होता, हे लांबचं काही नाही. भांडं छताखाली, जाळीच्या आत, सांडलेलं संध्याकाळी झाडून. कबुतरांना दाणे टाकायची शेजाऱ्यांची हौस असेल तर त्यांच्याशी गोडीने बोलून घ्या, जमलं तर.

कोंबडे पण सोबत आहेत, आणि मोठ्या कोंबड्या पण. सगळ्यांना वेगळं वेगळं कुठे घालत बसू?

नका बसू. सगळ्यांना ग्रोअर घाला आणि अंडी देणाऱ्यांसाठी शिंपल्यांची वाटी वेगळी ठेवा, ज्यांना गरज नाही ते सहसा त्या वाटीकडे जात नाहीत. ग्रोअरमध्ये प्रोटीन थोडं कमी पडतं, अंडी एखाद-दुसरं कमी येईल, पण तलंगांच्या किडन्या शाबूत राहतील. उलटं, सगळ्यांना लेअर, हे करू नका. नर-मादी निवड न केलेली पिल्लं आणली की निम्मे कोंबडे निघणारच, ते तुरा-शेपटीवरून तीन महिन्यांत कळतात, आणि त्यांचा प्रश्न आपल्याकडे गटारीला आपोआप सुटतो, तोपर्यंत ग्रोअरच पुरे.

वाढ बरोबर आहे की नाही कसं कळणार?

वजन. किचनचा काटा आणि एक पिशवी, आठवड्यातून एकदा, ठरलेल्या वारी, सकाळी खायला घालायच्या आधी. आकडा जातीप्रमाणे बदलतो, आपण बघायचं ते एवढंच की दर आठवड्याला वाढतोय का. दोन आठवडे अडकला तर काहीतरी आहे, जंत बघा, फीडची तारीख बघा, कोणी मारतंय का बघा. छातीचं हाड चाचपा, सुरीसारखं टोकदार लागलं तर अंगावर मांस नाही, हाड सापडतच नसेल तर चरबी झालीय. जंताचं औषध दोन महिन्यांच्या आसपास पहिल्यांदा आणि मग डॉक्टर सांगतील तसं.

एकमेकींची पिसं उपटून खातात!

प्रोटीन कमी, जागा कमी किंवा करमत नाही, तीनपैकी एक. आधी कणी-भात बंद करा. मग जागा बघा. कोबीचा गड्डा दोरीने टांगा, टोचत बसतात. जिला रक्त आलंय तिला लगेच वेगळी काढा, रक्त दिसलं की बाकीच्या सोडत नाहीत.

सहा महिने झाले, तुरा पण लाल, अंडं नाही. फीड बदलू का?

आधी महिना कोणता ते सांगा. तलंगा सप्टेंबर ते डिसेंबरमध्ये वयात आल्या की दिवस लहान होत जात असतात, आपल्याकडे जूनमधला सव्वातेरा तासांचा दिवस डिसेंबरमध्ये अकरावर येतो, आणि त्या थांबून राहतात. अंड्यावर आलेल्या कोंबडीला चौदा तासांच्या आसपास उजेड लागतो, पहाटे एक साधा एलईडी दिवा लावून तेवढा करता येतो. पण दिवा अंड्यावर यायच्या बेतात असलेल्यांनाच, लहान तलंगांना नाही. तीन-चार महिन्यांच्या तलंगेला रात्री उजेड देत राहिलात, किंवा खुराड्यावर रस्त्याचा हॅलोजन पडत असेल, तर अंग भरायच्या आत अंडं येतं, बारकं येतं, आणि कधी अंड्यासोबत आतला भागच बाहेर येतो. तिथे गोणपाट बांधा.

उजेड ठीक असेल तर बघा की दाणे-भाताचा मारा तर चालू नाही ना. आणि तेही नसेल तर अंडं कुठेतरी घालतेय, शोधा. कुंड्यांच्या मागे, इन्व्हर्टरच्या खाली, शेजाऱ्यांच्या गच्चीवर.

पहिलं अंडं आलं! पण बारकं आहे, दुसरं तर बिनकवचाचंच. काही चुकलं का?

नाही. पहिली काही अंडी अशीच असतात, बारकी, रक्ताचा ठिपका असलेली, कधी दोन बलकांची, कधी नुसती कातडी. तीन-चार आठवड्यांत मशीन बसतं. लेअर आठवडाभरात पूर्ण चालू करा, शिंपल्यांची वाटी ठेवा, आणि उरलेलं ग्रोअर शेजारच्या घरात लहान तलंगा असतील तर त्यांना देऊन टाका. महिन्याने पण कवच पातळच येत असेल तर पाणी आणि गरमी बघा, मग शिंपल्या खरंच खातात का ते बघा, आणि तरी फरक नसेल तर डॉक्टर.